पाटावरचा आवळ्या

नागपुरात प्रत्येक माणूस अर्धा फिटर असतो. ही कूलरची कृपा. उन्हाळा लागला, कूलर माळ्यावरून उतरला, की घरातला कर्ता पुरुष बनियनवर त्याच्यासमोर उकिडवा बसतो, जुनी खस उपटतो, पंपाला शिव्या देतो आणि पाइप पंपावर चढवून त्याला तार बांधतो. ती तार तो पक्कडीनं पिळतो, आणि पिळतच राहतो. शेवटी एक तर तार तुटते, नाहीतर पाइप कापला जातो. मग हा गृहस्थ घाम पुसत आमच्या दुकानात यायचा आणि म्हणायचा, "पाइपच खराब निघाला जी."

लोकांच्या अंगात जो अर्धा फिटर कमी पडतो, त्याच्या जोरावर मी आणि माझा भागीदार नत्थू, आम्ही महाल भागातल्या एका चिंचोळ्या दुकानात दोन संसार चालवले. कूलर, पंप, पाण्याच्या मोटारी, बागेचे पाइप, जे गळेल ते आमचं. आता गुडघे बोलतात म्हणून दुकान सोडलं. पण हे जे लिहितोय ते माझ्याबद्दल नाही, नत्थूबद्दलही नाही. आमच्या आवळ्याबद्दल आहे.

आवळ्या म्हणजे तार आवळायचं अवजार. बाजारात त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. असं एक अवजार मी एका ट्रकच्या मेकॅनिककडे पाहिलं होतं आणि पाहताक्षणी त्याच्या प्रेमात पडलो होतो. नत्थूनं भंगारातून वीतभर लांबीचा बोल्ट आणला, बाकीचं मी लेथवाल्याच्या डोक्यावर बसून करून घेतलं. बोल्टचं एक टोक चपटं, चोचीसारखं. अंगावर मागंपुढं सरकणारा एक तुकडा, त्याला दोन्ही बाजूंनी खुंट्या. आणि त्या तुकड्याला मागे ढकलणारा दोन कानांचा नट. बस, एवढंच.

चालवायचं असं. तार दुहेरी करून पाइपाभोवती दोन वेढे द्यायचे. दुहेरी तारेच्या एका बाजूला आपसूक फास तयार होतो, त्यातून दोन्ही टोकं ओवून खुंट्यांना अडकवायची. चोच फासावर टेकवायची आणि नट फिरवत जायचं. तार पिळली जात नाही, ताणली जाते. म्हणून ती पाइपात रुतते पण त्याला कापत नाही. पुरती आवळली, की अख्खं अवजार फासावरून पलीकडे उलटं टाकायचं. तार दुमडते आणि जिथल्या तिथं बसते. हे उलटं टाकणं म्हणजेच सगळी विद्या. ते न करता अवजार काढलं, तर झालेली सगळी मेहनत सुर्र करून सुटते. वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं, पुढं कामी पडणार आहे.

आम्ही दुसरा आवळ्या करून पाहिला होता. पहिल्याच ताणात त्याचे आटे गेले. म्हणून एकच आवळ्या, भागीदार दोन. बोल्ट त्याचा, नट माझा, आणि भांडण रोजचं.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. हुडकेश्वरला नवा बंगला बांधलेले एक साहेब होते. बागेचा पाइप मधे फुटला होता. त्यांनी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तिच्यावर चिकटपट्टी, तिच्यावर एमसील, पुन्हा पट्टी. पाइपाचा पाय मोडून प्लास्टर घातल्यासारखा दिसत होता, आणि गळत होताच. मी सुरी काढली तर साहेब मधे पडले. "हे बघा, माझं काम न काढता करा." काय करता! त्या गाठोड्याच्या दोन्ही बाजूंनी तार आवळून दिली. पुढं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पाइप दाखवत आणि सांगत, "आतलं सगळं काम माझं आहे. वरून थोडी तार यांनी लावली."

दुसरे इतवारीतले भांड्यांचे व्यापारी. जन्मभर पितळ-तांबं तोलून विकलेला माणूस, त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट वजनावर कळायची. मोटारीचा पाइप बांधून दिला, गळती बंद झाली. शेटजी खुश नाहीत. "एवढीशी तार! हिच्यानं पाणी रुकते काय? भारी माल टाका." मी समजावत बसलो. नत्थू शहाणा. त्यानं काही न बोलता कोपऱ्यात पडलेली लोखंडी साखळी उचलली आणि त्या तारेवर दोन वेढे देऊन लटकवून दिली. शेटजींनी साखळी हातानं तोलून पाहिली आणि म्हणाले, "आता कसं काम दिसते!"

असा हा नत्थू. तो देवभोळा, मी देव न मानणारा. दुकानाच्या एका भिंतीवर त्याचा गणपती, समोरच्या भिंतीवर माझे बुद्ध, मधे पाइपांची भेंडोळी. देवावरून आमचं कधी वाजलं नाही, कारण दुकानात वाजायला जागाच नव्हती. एक जण आत असला की दुसऱ्यानं पायरीवर बसायचं. राहायलाही आम्ही एकाच गल्लीत, समोरासमोर. नत्थू माझ्या घरी आला की थेट स्वयंपाकघरात शिरायचा आणि माझ्या बायकोला, प्रमिलाला, "काय शिजवून राहिली वं बहिनाबाई?" म्हणत स्वतःच ताट काढून घ्यायचा.

त्याची बायको, कौसल्यावहिनी, मात्र तशी नव्हती. बाई मनानं सोनं. प्रमिला दवाखान्यात होती तेव्हा आमच्या लेकरांच्या वेण्या वहिनींनी घातल्या. पण आमच्या घरी आल्या आणि प्रमिलानं पाण्याचा गिलास पुढं केला, की एकच उत्तर. "आत्ताच पिऊन आली वं." मे महिन्याचं ऊन, ओठ सुकून पापुद्रे आलेले, तरी आत्ताच पिऊन आली. चहा? तोही आत्ताच. कारण काय ते त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बोलायचं तरी काय? प्रमिला गिलास उचलून आत नेऊन ठेवायची. मला राग यायचा. एकदा म्हणालो, "उद्यापासून विचारूच नको." तर प्रमिला म्हणाली, "मी विचारणं सोडत नाही. नाही म्हणणं तिचं तिच्यापाशी."

आवळ्याच्या बाबतीतही वहिनींचा एक कायदा होता. दसऱ्याला दुकानातली सगळी अवजारं त्यांच्या घरी जायची, पाटावर बसायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याची पानं. एकदा बसली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांना जागचं हलवायचं नाही. कायदा उगाच नव्हता. एका दसऱ्याला नत्थू पाटावरची पक्कड उचलून कोणाचा तरी पंप खोलायला गेला होता आणि करंट लागून भिंतीवर जाऊन आपटला होता. खांदा निखळला, बाई हादरून गेल्या. मी म्हणायचो, "वहिनी, वायर उघडी होती म्हणून लागला." त्या म्हणायच्या, "वायर तं रोजच उघडी राहते भाऊजी. त्याच दिवशी काहून लागला?"

आता दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. गावोगावचे लोक दीक्षाभूमीवर येतात, पांढरे कपडे, हातात पिशव्या, कडेवर लेकरं. उमरेडकडून येणाऱ्यांचा पायी रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरून जातो, आणि तिथं गल्लीतल्या बाया पाण्याचा स्टॉल लावतात. म्होरकी प्रमिला. तिचे वडील तरुणपणी दीक्षेला गावाहून पायी आले होते. या शहरात कोणीतरी त्यांना दारातून हाक मारून पाणी दिलं. जात न विचारता, आणि वरून ओतून नाही, गिलास हातात देऊन. गावात त्यांनी तोवर दुसऱ्याच्या दारी ओंजळीनंच पाणी प्यायलं होतं. गिलास धरून दोन मिनिटं तसाच उभा होतो, असं ते मरेपर्यंत हसत हसत सांगायचे. प्रमिलाला ते हसू कधी जमलं नाही. ती म्हणायची, आपल्या गल्लीच्या तोंडावरून कोणी तहानलेला गेला तर मी बापाची पोरगी नाही.

दरवर्षी ड्रम भरून ठेवायचे आणि ऊन चढायच्या आत संपायचे. म्हणून त्या वर्षी बायांनी टँकर बोलावला. मोठ्या रस्त्यावर त्या दिवशी गाडीला बंदी, म्हणून टँकर गल्लीच्या मागच्या तोंडाशी उभा. तिथून पंपानं, जाडजूड पाइपातून, अख्ख्या गल्लीतून पाणी पुढच्या टाकीत यायचं. टाकीला नळांची रांग. व्यवस्था झकास. फक्त पाइपाच्या टोकाला जे पितळी तोंड होतं, जे टाकीवर फिरवून बसवायचं, ते टँकरवाल्यानं पाइपाला कसं बांधलं होतं? पक्कडीनं तार पिळून! मी कपाळाला हात लावला.

स्टॉलचे नावापुरते अध्यक्ष कडक इस्त्रीचा झब्बा घालून पुढं झाले, म्हणाले, "चला, सुरू करा." पंप सुरू झाला. पाइप फुगला, थरथरला, आणि पितळी तोंड टाकीवरच राहिलं अन् पाइप धाडकन सुटून निघाला. आधी त्यानं अध्यक्षांना आंघोळ घातली. मग तो सापासारखा वळवळत बायांच्या मागं लागला. पंप बंद करा, पंप बंद करा म्हणून गल्लीभर ओरडा. टँकरवाला दुसऱ्या टोकाला, त्याला वाटलं लोक खुश होऊन राहिले. त्यानं पंप आणखी वाढवला.

कोणीतरी पळत जाऊन पंप बंद करवला, मग सुरू झाले इलाज. नागपुरात अर्धे फिटर किती असतात ते त्या दिवशी कळलं. एकानं पुन्हा पक्कडीनं तार पिळली, तुटली. एकानं ट्यूबची पट्टी बांधली, उडाली. एकानं लुगड्याचा काठ फाडून बांधला. अध्यक्ष दुसरा झब्बा घालून आले आणि पुन्हा भिजले. दसऱ्याची दुकानं बंद, घरात सापडली ती क्लिप एवढ्या जाड पाइपाला पुरेना. आणि रस्त्यावर लोक दिसायला लागले होते. ऊन रणरणतं. म्हाताऱ्या बाया, अनवाणी पाय. आमचे दोन ड्रम संपत आले होते. प्रमिला ओली चिंब, गिलासांच्या थप्पीसमोर उभी, माझ्याकडे नुसती पाहत होती.

मी धावत नत्थूच्या दारात. पठ्ठ्या कपाळाला कुंकू लावून पायरीवर उभा, सगळं पाहत होता.

"नत्थू, आवळ्या दे."

"पाटावर बसला हाय गा तो."

"मंग उठव!"

त्यानं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी त्याले उठवतो गा. मंग मले कोण उठवन?"

तेवढ्यात वहिनीच बाहेर आल्या. नऊ दिवसांचा उपवास, त्यात पूजा आटोपेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तोंड एवढंसं झालेलं. "भाऊजी, आज नाही. उद्या तोंड धुवाच्या आधी घेऊन जा."

"वहिनी, उद्या लोक आपापल्या गावी गेले असतील."

"मले ह्यायले पुन्हा भिंतीवर आपटलेलं पाह्यचं नाही." असं म्हणताना त्यांचा आवाज कापला. बाईची भीती खरी होती, तिला हसण्यात अर्थ नव्हता.

मागून प्रमिला आली. पदरातून पाणी ठिबकत होतं. "कौसल्याबाई, मी अवजार मागाले नाही आली," ती म्हणाली. "तुमचा नेम मोडा असं मी म्हणत नाही. पण म्हातारी माणसं चालून येऊन राहिली, अन् माझ्यापाशी पाणी नाही. तुम्हीच सांगा मी काय करू."

वहिनींची नजर खाली गेली. पाइप त्यांच्याच पायरीला लागून पडला होता, गल्लीतून जाणारच होता ना तो!

"अवजार हलणार नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," प्रमिला म्हणाली.

"पण पाइपाले काय पाटावर बसवलं हाय? त्याले आणा आत."

नत्थू म्हणाला, "बाप्पा!"

पितळी तोंड टाकीवरून खोलून आणलं. चार जणांनी पाइपाचं टोक उचललं आणि पायरी चढून, बैठकीतून, थेट पूजेच्या खोलीत. मागं अख्खा पाइप दारातून बाहेर, गल्लीभर पसरलेला. रांगोळी, पाट, पाटावर पक्कड, पाने, हातोडी, आणि मधोमध आमचा आवळ्या, डोक्यावर झेंडू. मी दारात थबकलो. देवासमोर हात जोडणारा मी नव्हे, आणि तो दिवस तर आमचा देव न पुजण्याच्या शपथेचा. वहिनींनी ओळखलं. "हात जोडू नका भाऊजी. हात चालवा."

बसलो. नवी तार दुहेरी केली, वेढे दिले, पाइपाचं टोक पाटावर आवळ्याच्या चोचीशी आणून टेकवलं. टोकं खुंट्यांना अडकवली. वहिनी शेजारी बसून एकटक पाहत होत्या, अवजार बोटभर तरी उचललं जातं का म्हणून. मी नट फिरवत गेलो. तार हळूहळू रुतली. बोटांना कुंकू, नटाला हळद. पुरती आवळली, आणि मी थांबलो.

अवजार उलटं टाकायचं होतं!

"वहिनी, आता याले पलटवा लागते."

"नाही."

"अहो, त्याशिवाय तार बसत नाही!"

"तो नाही पलटत." मग जरा विचार करून म्हणाल्या, "पाइप पलटवा."

बघा आता! गल्लीभर लांब, पाण्यानं जड झालेला पाइप. पण बाई चूक नव्हत्या. आवळ्या पाइपावरून पलटला काय, किंवा पाइप आवळ्याखाली पलटला काय, तारेला दोन्ही सारखंच. मी नत्थूला ओरडून सांगितलं. नत्थू दारात जाऊन गल्लीला ओरडला, "सगळे पाइप धरा! मी म्हणलं का कूस बदला!"

घराघरातून माणसं निघाली. कोणी पूजेतून उठून, कोणी स्टॉलवरून, अध्यक्ष तिसऱ्या झब्ब्यात. सगळे वाकून पाइप धरून उभे. "बदला!" अर्ध्यांनी डावीकडे फिरवला, अर्ध्यांनी उजवीकडे. पाइपाची चकली झाली आणि मधले दोघं आडवे. नत्थू भडकला. "अरे बे, हनुमानाच्या देवळाकडे फिरवा ना!" समोरच्या रांगेतून आवाज आला, "आमच्या इकडं विहार हाय, देऊळ कोणत्या बाजूनं?" शेवटी ठरलं, सूर्याकडे. सूर्य सगळ्यांचा. "बदला!" आणि पाइप आवळ्याखाली अख्खा फिरला. तार फासावर दुमडली आणि बसली. मी हातानं ओढून पाहिली. हलेना.

तारेची टोकं वाकवून वाकवून तोडली, कारण पक्कडही पूजेत. ठोकायला हातोडी? तीही पूजेत. वहिनी उठल्या, स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. "याची पूजा नाही केली," म्हणाल्या.

पाइप वरात निघावी तसा गल्लीतून पुढं गेला. तोंड टाकीवर बसलं. पंप सुरू झाला. पाइप फुगला, थरथरला, आणि कुंकवानं माखलेली ती तार जागची हलली नाही. टाकीत धो धो पाणी. आवळ्या पाटावर, फूल डोक्यावर, जसाच्या तसा. नत्थूनं आधी खांदा चोळून पाहिला, मग तो नाचला.

नळ सुटला तेव्हा प्रमिलानं पहिला गिलास भरला. रस्त्यावर हात पुढं आलेले होते, ते बाकीच्या बायांवर सोडून ती उलट्या दिशेनं चालू लागली, गल्लीत. कुठं चालली ते मला कळलं. म्हटलं, आजच्या दिवशी तरी नको. आज 'आत्ताच पिऊन आली' ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. एवढं सगळं झाल्यावर तर नाहीच.

कौसल्यावहिनी पायरीवर टेकल्या होत्या. प्रमिलानं गिलास पुढं केला. नेहमीसारखा.

वहिनींनी गिलासाकडे पाहिलं. त्यांच्याही ओठांवर ते वाक्य आलं असणार, इतक्या वर्षांची सवय. पण त्या दिवशी ते म्हणायची सोयच नव्हती. पूजा आटोपली तरी सकाळपासून थेंबभर पाणी प्यायल्या नाहीत, हे गल्लीतल्या पोराटोराला ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही हातांनी गिलास घेतला. जरा वेळ धरून बसल्या. मग तोंडाला लावला आणि घटाघटा, तळ दिसेपर्यंत, संपवला.

मला प्रमिलाचे वडील आठवले. मी सरळ सांगतो, मी रडलो. नत्थू म्हणतो तो पण रडला, पण त्याचं काही खरं नाही, तो लग्नातही रडतो.

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, गिलास प्रमिलाच्या हातात दिला आणि कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "पाणी किती गरम हाय वं प्रमिला! लोकायले असं पाजून राहिली काय? थांब, मी बरफ घेऊन येते."